पंप गेलेला नाही

आमची जीप बंद पडायची ती सोलापूर चांगलं मागं पडल्यावर, बार्शीच्या रस्त्याला, जिथं सावलीला एक बाभूळसुद्धा नाही अशा ठिकाणी. आधी तिची ओढ कमी व्हायची, मग ती दोन-तीन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मी उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकत उभी राहायचे. साठीला टेकलेली बाई बॉनेटमध्ये डोकं घालून दिसली की मोटरसायकलवरचा प्रत्येक पुरुष इंजिनिअर होतो. पंधरा-वीस मिनिटांनी जीप आपोआप चालू व्हायची आणि शेवटचा सल्ला देणारा त्याचं श्रेय घेऊन निघून जायचा.

जीप जुनी आहे, डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. माझ्या नवऱ्यानं ती सरकारी लिलावात घेतली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य जगून झालेलं होतं. वैरागच्या अलीकडे आमचं पाच एकर काळं रान आहे. पावसाळ्यात तिथं दुसरी कुठली गाडी पोचत नाही, बांधालाच रुतून बसते. नवरा गेला तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यानंतर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ही जीप चालवायला शिकले. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीनदा शेतावर जाते, लावलेला शेवगा बघते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. जीप गेली तर शेत वाट्यानं द्यावं लागणार आणि मला पुण्याला, मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना पाणी घालत बसावं लागणार, हे मला आणि मुलाला दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्याला ते हवं होतं आणि मला नको होतं. भांडण एवढंच होतं.

ते एका मंगळवारी फोनवर झालं. जीप पुन्हा रस्त्यात थांबल्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं. टेंभुर्णीला जुन्या गाड्या घेणारा एक माणूस आहे, त्याला रविवारी दुपारी घरी बोलावतो, तो म्हणाला. मी संतापाच्या भरात बोलून गेले, "रविवारी तू माझ्या शेजारी बसून शेतावर चल. जाता-येता एकदा जरी बंद पडली, तरी देऊन टाक त्याला. मी एक शब्द बोलणार नाही." फोन ठेवल्यावर आपण काय कबूल करून बसलो ते ध्यानात आलं. पण दिलेला शब्द मागं घेणं मला कधी जमलेलं नाही.

आमचा मिस्त्री अक्कलकोट रस्त्याला असतो. माणूस वाईट नाही. दसऱ्यानंतर हे दुखणं सुरू झाल्यापासून त्यानं फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, नळ्यांचे वॉशर बदलले आणि दर वेळी दट्ट्या दाबून दाबून लाइनमधली हवा काढली. एवढं करूनही जीप थांबायची ती थांबलीच. मग त्यानं हात टेकले आणि पंप गेला असं सांगितलं. पंप म्हणजे इंजिनाला मापात डिझेल देणारं ते जड धूड. तो खोलायचा, पुण्याला पाठवायचा आणि पंधरा दिवस विसरायचा. आणि हे त्यानं मला सांगितलं नाही, माझ्या मुलाला फोन करून सांगितलं. गाडी माझी, चालवते मी, उन्हात उभी राहते मी, आणि दुखणं कळवायचं पुण्याला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी गॅरेजात जाऊन जीप तशीच बाहेर काढली.

"ऐका बाई माजं, पंपच हाय," तो म्हणाला.

खोलून पाहिला का, मी विचारलं. नव्हता पाहिला. मग गेला हे कशावरून? बाकीचं सगळं बघून झालं, आता तेवढंच उरलंय, असं त्याचं उत्तर. मी तीस वर्षं पेपर तपासले आहेत. दुसरं काही उरलं नाही म्हणून हेच बरोबर, असं लिहिणाऱ्याला मी कधीही पुरते गुण दिलेले नाहीत.

गुरुवारी एक वही घेतली आणि जीप कधी, कुठं, किती वेळानं बंद पडली ते आठवून आठवून लिहिलं. लिहिल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. टाकी रिकामी असली की ती गाळ ओढते, म्हणून भरून ठेवा, असं मिस्त्रीनं बजावलं होतं आणि मी ती इमानदारीत काठोकाठ भरत होते. टाकी जितकी भरलेली, तितकी जीप लवकर थांबत होती. निम्म्या टाकीवर ती अर्धा-पाऊण तास चालायची, भरल्या टाकीवर वीस मिनिटंही काढायची नाही. याचा अर्थ मला लागला नाही, पण गाळाची गोष्ट वहीतून खोडून टाकली.

शनिवारी दुकानातून हातभर पारदर्शक नळी आणली. पंपाकडे डिझेल नेणारी काळी नळी काढून तिच्या जागी ती बसवली आणि क्लिपा आवळल्या. डिझेल येताना डोळ्यांना दिसावं आणि कुठून हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसावेत, एवढाच उद्देश. कोपरापर्यंत हात डिझेलनं माखले. शेजारच्या गृहस्थांनी गॅलरीतून काय चाललंय म्हणून विचारलं. प्रयोग चाललाय, मी सांगितलं.

आमचं शेत सांभाळणारी बाई त्या दिवशी बाजाराला सोलापुरात आली होती. ती माझ्याच वयाची, शेतावरच घर करून राहते. तिला बरोबर घेतलं आणि निघाले. रस्त्यात जीपनं नेहमीसारखे आचके दिले. मी कसलीही खटपट न करता तिला बंद पडू दिलं, उतरले आणि बॉनेट उघडलं. नळीत एकही बुडबुडा नव्हता, पण नळी चपटी झाली होती. ग्लासात तळाला बर्फ अडकल्यावर उसाचा रस ओढताना कागदी नळी होते, तशी. मी भर उन्हात एकटीच हसायला लागले. पंप गेलेला असता तर एवढी ओढ कुठून आली असती? पंप बिचारा जिवाच्या आकांतानं ओढत होता. टाकीच मागून सोडत नव्हती.

डिझेलचा काटा निम्म्यावर असताना टाकीचं झाकण उघडून बघायचं आजवर कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. बाईला नळीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि झाकणाला हात घातला. ते घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी फिरवलं, तसा आत हवा शिरल्याचा लांबलचक आवाज झाला.

"बाई, फुगली बगा नळी," ती बॉनेटपासून म्हणाली. "मगाशी चपटी हुती की."

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं आणि दुसरं पाडलं की धार लागते, हा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला करून दाखवला आहे. डिझेल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. आमच्याही झाकणाला होतं, पण त्यावर शेंदूर होता.

तो मीच लावला होता. खंडेनवमीला शेतावर आम्ही सगळ्याची पूजा करतो, नांगर, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप आणि जीप. एरवी जीपला हळद-कुंकू लावते. यंदा परतीच्या पावसात ते धुऊन जाईल म्हणून म्हसोबासाठी तेलात कालवलेला शेंदूर उरला होता तो घेतला. बॉनेट, दिवे, चाकं झाल्यावर टाकीच्या झाकणावरही अंगठ्यानं चांगला जाड ठसा दिला, तिचं पोट तिथून भरतं म्हणून. तो वाळून खपलीसारखा बसला होता. भरल्या टाकीत हवा थोडीच, म्हणून ती लवकर ताणली जायची, आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कुठून तरी थोडी हवा झिरपली की जीप पुन्हा चालू व्हायची. फिल्टर, टाकी, वॉशर, पंप, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, माझ्या अंगठ्यावर कुणी घेतला नव्हता. मला लाज वाटली. अख्खी सातवी समोर बसून बघते आहे असं वाटलं.

बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि खरवडायला लागले. बाई घाबरली.

"देवाचा शेंदूर हाय त्यो. खरवडू नगा, लई वंगाळ हुईल."

देवाचा आहे म्हणून कुणाचा श्वास कोंडायचा नसतो, मी म्हटलं आणि भोक आरपार दिसेपर्यंत पिन फिरवली. ती तोंड फिरवून उभी राहिली आणि शेत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जीप मात्र एकदाही अडखळली नाही.

रविवारी मुलगा सकाळीच आला आणि माझ्या शेजारी बसला. जाताना तो सारखा घड्याळ बघत होता. मी टाकी मुद्दाम काठोकाठ भरली होती. आम्ही शेतावर गेलो, चहा घेतला, शेवगा बघितला आणि परत आलो. जीप कुठंही थांबली नाही. घरासमोर इंजिन बंद केल्यावर त्यानं विचारलं, पंप कुणाकडून करून घेतलास?

इथं गप्प बसता आलं असतं. दुसरा मिस्त्री मिळाला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरं ऐकल्यावर तो काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि मला पुण्याला न्यायला त्याला आणखी एक कारण मिळणार होतं. पण स्वतःच्या गाडीबद्दल खोटं बोलायचं असेल तर ती राखायची तरी कशाला? मी सगळं सांगितलं. वही, नळी, झाकण, शेंदूर.

"म्हणजे आई, महिनाभर तूच ती बंद पाडत होतीस," तो म्हणाला.

"हो. मीच बंद पाडली आणि मीच चालू केली. पुढच्या वेळी आणखी काही बिघडेल, कदाचित माझ्याच हातानं. तेही मीच शोधेन. तो मिस्त्री आणि तू तर न बघताच विकायला निघाला होतात."

तो जीपमधून खाली उतरला, फाटकापाशी गेला आणि टेंभुर्णीच्या माणसाला फोन लावून येऊ नका म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं. लहानपणापासून तो हिला बाबांची जीप म्हणत आला आहे.

"आईची गाडी आहे," तो फोनवर म्हणाला, "आई देत नाही."