सेमिनरी हिल्स, उसन्या नंबरावर

नागपूर जवळ आलं तसा मी गाडीच्या खिडकीतून डोंगर शोधू लागलो. एकही दिसेना, आणि मी मनातून खूश झालो. आम्ही साताऱ्याची माणसं. रोज पहाटे घाट चढून उतरतो आणि सपाट गावांतल्या धावणाऱ्यांना उगाच नावं ठेवतो. नागपूरच्या मॅरेथॉनच्या पत्रकात 'चढ-उताराचा मार्ग' असं छापलेलं वाचून आमच्या सकाळच्या टोळीत हशा पिकला होता. "उड्डाणपुलाला चढ म्हणत असतील," असं मीच म्हणालो होतो.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं माझे बूट पाहिले आणि विचारलं, "धावाले आले का जी? कोण्या बाजूनं हाय?"

"सेमिनरी हिल्स."

"अरे बाप! तिथं तं आमची रिक्षा बी दम टाकते." त्यानं आरशातून माझ्या पोटाकडे नजर टाकली. "बम (खूप) चढाव हाय. पाहून घ्या."

मी नुसता हसलो. हसताना गुडघा ठणकला. रात्रभर बाकावर अवघडून बसल्यानं उजवा गुडघा सुजला होता, पण ते मी अजून स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मनीषनगरात प्रमोद मेश्रामांकडे उतरलो. प्रमोद सावनेरजवळच्या कोळसा खाणीत नोकरीला. गेल्या वर्षी तो आमच्या घाटात धावायला आला तेव्हा आमच्या घरी राहिला होता. त्याच ओळखीवर यंदा मी त्याच्याकडे. दारातच त्यानं मला मिठी मारली आणि त्याची बायको सुनंदा आतून म्हणाली, "आधी भाऊले बसू तं द्या! पाय पाहा त्यायचा, भोपळा झाला."

संध्याकाळी सातलाच जेवायला बसलो. धावणाऱ्या घरात उद्या शर्यत असली की असंच लवकर जेवतात. सुनंदानं बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा केला होता, तिखट इतकं की माझ्या कानांतून वाफा निघाल्या. प्रमोदला मात्र साधं वरण-भात. जेवताना गुडघ्याचा विषय निघाला. मी एकवीस किलोमीटरला नाव दिलं होतं. प्रमोदला उशीर झाल्यानं एकवीसच्या जागा भरल्या होत्या आणि त्याला दहा किलोमीटरवर समाधान मानावं लागलं होतं. ते त्याला सलत होतं.

"विलासभाऊ, तुमी माझं बिब घ्या, मी तुमचं घेतो," तो म्हणाला. "तुमचा गुडघा वाचते, माझी हौस फिटते. यात काय बिघडते?"

बिब म्हणजे छातीवर टाचण्यांनी लावायचा नंबराचा कागद. पुढे नंबर आणि नाव छापलेलं, आत वेळ मोजणारी चकती. असं बिब बदलणं नियमात बसत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी आम्ही सर्रास बदलतो. आजारी मित्राचं बिब दुसऱ्यानं लावलं तर आमच्यात त्याला दोस्ती म्हणतात. मी माझं बिब त्याच्या हातात दिलं आणि त्याचं खिशात घातलं.

बिबाच्या मागे चार ओळी हातानं भरायच्या असतात: रक्तगट, आजार, कुठलं औषध चालत नाही, आणि घरच्या माणसाचा फोन. माझं बिब टपालानं घरीच आलं होतं, त्यामुळे माझ्या मी गाडीतच भरल्या होत्या. औषधाच्या ओळीत मोठ्या ऐटीत 'काही नाही' लिहिलं होतं, आणि खाली माझ्या बायकोचा, माधुरीचा नंबर. बिब देताना तो मजकूर खोडावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. प्रमोदच्याही नाही. त्याचा मागचा भाग तर कोराच होता.

सकाळी अंधारातच सिव्हिल लाईन्समध्ये पोचलो. थंडी अशी की दात वाजत होते. एकवीसवाले आधी सुटले. प्रमोद माझं नाव छातीवर लावून गर्दीत उड्या मारत होता. जाताना ओरडला, "तुमचं नाव रोशन करतो गा आज!" पाऊण तासानं आम्ही दहावाले सुटलो.

पहिले चार किलोमीटर माझा अंदाज बरोबर निघाला. रुंद, सरळ, झाडांचे रस्ते. फुटाळा तलावावर उजाडत होतं आणि पाण्यावरून येणारी हवा गालांना झोंबत होती. मग रस्ता वळला आणि वर निघाला. मला वाटलं, पूल असेल. पुलाला दुसरी बाजू असते, याला दिसेना. एक वळण संपलं की पुढचं, तेही चढाचंच. सपाट नागपुरात हे लपवलं कुठे होतं, याचा मला खरोखर धक्का बसला. घाटात आम्ही चढ समोर पाहून मनाची तयारी करतो. इथे तो झाडांच्या आडून एकेक तुकडा पुढे सरकवत होता.

अर्ध्यावर मी चालू लागलो. रोज सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या एका आजीबाईंनी मला मागे टाकलं आणि मान वळवून माझ्या छातीवरचं नाव वाचलं.

"थांबू नका, प्रमोदभाऊ. काहून थांबले? वरती मस्त हवा हाय."

दुसऱ्याच्या नावानं का होईना, कुणी हाक मारली की पाय उचलतात. वर खरंच मस्त हवा होती. उतारावर गुडघ्यानं शिव्या दिल्या, पण मी पोचलो. पदक गळ्यात पडलं. एकवीसवाल्यांना ही टेकडी दोनदा चढायची होती, हे आठवून प्रमोदची कीव आली.

मैदानात सुनंदा तर्री पोह्यांचे द्रोण घेऊन उभी होती (पोह्यांवर चण्याचा झणझणीत लाल रस्सा ओततात, ती तर्री). आम्ही खाल्लं, तिनं माझी थट्टा केली, मी नागपूरच्या टेकडीची जाहीर माफी मागितली. प्रमोदची वेळ होऊन गेली. अजून पंधरा मिनिटं गेली. मग सुनंदानं द्रोण खाली ठेवला.

"विचारून येतो का आपण? कधी इतका वेळ लावत नाही ते."

चौकशीच्या टेबलावर एक तरुण संगणकापुढे बसला होता. सुनंदानं नाव सांगितलं. त्यानं टाईप केलं आणि हसून म्हणाला, "प्रमोद मेश्राम ना? ते तं केव्हाच पोचले, ताई. दहा किलोमीटर. इथंच असतील कुठं."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून चक्क हसलो. पोचलेला प्रमोद म्हणजे मीच होतो. तरी तिनं विचारलं, "कोणी पडलं-बिडलं तं नाही नं?"

"एकजण हाय मेडिकल तंबूत. पण तुमचे नाहीत. दुसरं नाव हाय."

सुनंदानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. आणि मी, पन्नाशी ओलांडलेल्या शहाण्या माणसानं, तिच्या शेजारी उभा राहून मान डोलावली. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

तो पडला लाऊडस्पीकरमुळे. "विलास कदम, सातारा. विलास कदम यांच्यासोबत कोणी आले असतील तर त्यांनी ताबडतोब मेडिकल तंबूत यावे."

स्वतःचं नाव असं ऐकल्यावर माणूस आधी छातीला हात लावतो. मीही लावला. हाताला प्रमोदचं नाव लागलं. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. "भाऊ, तुमचं नाव..." एवढंच ती बोलली आणि पळत सुटली. त्या सकाळी तिच्याइतकं जोरात कुणी धावलं नसेल.

तंबूत खाटेवर प्रमोद होता. ओठ सुजून दुप्पट झालेले, अंगभर लाल गांधी, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज. दुसऱ्या उतारावर तो घसरून पडला होता. डोक्याला खोक, पाय मुरगळलेला. अर्धवट शुद्धीत वेदनेनं कळवळत होता म्हणून त्याला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं. बिबाच्या मागे 'काही नाही' लिहिलेलं वाचून, तेही दोनदा वाचून.

आणि मला ठाऊक होतं. हेच मला अजून गिळता येत नाही. गेल्या वर्षी घाटातून उतरल्यावर मीच त्याला दुखण्याची गोळी पुढे केली होती आणि त्यानं हात मागे घेतला होता. "मले नाही चालत, विलासभाऊ. श्वास कोंडते." हे त्यानं मला माझ्याच अंगणात सांगितलं होतं.

"तुम्ही यांचे कोण?" डॉक्टर बाईंनी विचारलं. त्या तरुण होत्या आणि त्यांचे हात भराभर चालत होते.

"विलास कदम मी आहे," मी म्हणालो. "हे प्रमोद मेश्राम. यांना दुखण्याचं औषध चालत नाही."

त्यांनी एकदा माझ्या छातीकडे पाहिलं, एकदा त्याच्या. लगेच त्याच्या मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, तोंडावर प्राणवायू लावला आणि गाडी लावायला ओरडल्या. मग हळू आवाजात सुनंदाला म्हणाल्या, "आम्ही यांना केव्हाचे विलास सर, विलास सर म्हणून हाका मारतोय. ओ देत नव्हते. डोक्याला मार लागून स्वतःचं नाव विसरले असं वाटलं आम्हाला."

सुनंदा त्याच्या कानाशी वाकली. "अजी, ऐकून राहिले का? मी हाय."

त्याची बोटं हलली आणि तिच्या ओढणीचं टोक त्यांनी धरलं. तसंच धरून तो गाडीत चढवला गेला, तीही त्याच्यासोबत ओढली गेल्यासारखी चढली. मी बाहेर राहिलो. गळ्यात पदक होतं. ते काढायचं भान मला बऱ्याच वेळानं आलं.

सामानाच्या खिडकीवरून बॅग घेतली, फोन उघडला. माधुरीच्या न घेतलेल्या फोनांची रांग. तिला फोन गेला असणार हे तेव्हा कळलं. मी घाईनं लावला. पहिल्या घंटीला तिनं उचलला.

"मी बोलतोय. मी बरा आहे," मी म्हणालो.

ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तो कोण आहे? कसा आहे तो?"

मी सगळं सांगितलं. इंजेक्शनाचंही. ते किती वाजता दिलं, एवढंच तिनं विचारलं; तंबूतल्या नोंदीत पाहिलेली वेळ मी सांगितली. मग पुन्हा तेच, "वाचेल ना तो?" संध्याकाळपर्यंत तिचे चार फोन आले आणि चारही प्रमोदसाठी. मला वाटलं, काय मन आहे हिचं! ओळख म्हणावी तर दोन दिवसांची.

तो वाचला. रात्रभर कृत्रिम श्वासावर होता, दुसऱ्या दुपारी नळी काढली, तिसऱ्या दिवशी उठून बसला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. सुनंदा मला लागेल असा एक शब्दही बोलली नाही. डबा आला की आधी मला वाढायची. तिनं मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. निघताना मी प्रमोदचे हात धरले. त्याचा आवाज अजून बसलेला होता. "दुसऱ्यांदा चढलो गा मी," तो म्हणाला. "टेकडी पुरी केली. उतारावर पडलो." हे सांगून तो हसला, आणि मी त्याच्या खाटेवर डोकं ठेवून रडलो.

साताऱ्याला पोचलो तेव्हा माधुरी दारात नव्हती. स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, पुढे काहीच काम नसताना. मी पाणी पिऊन तिच्याजवळ बसलो आणि इतके दिवस न सुचलेला प्रश्न विचारला. "तुला तो फोन आला, पडलेत, धड शुद्धीत नाहीत म्हणून. मग मी नाही हे तुला कसं कळलं? मी बरा आहे म्हणालो तर तुला नवल वाटलं नाही."

तिनं माझा डावा हात ओढून घेतला. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात माझ्या करंगळीचं टोक गेलं आहे. तिनं त्या थोट्या करंगळीवर बोट ठेवलं.

"त्या फोनवरच्या मुलीला मी म्हणाले, डाव्या हाताची करंगळी बघा. तिनं बघितली. म्हणाली, पूर्ण आहे. सगळी बोटं पूर्ण आहेत." माधुरीनं माझा हात सोडला. "मला इतका आनंद झाला हो. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवून दिला. ती विचारत होती, मॅडम, कशासाठी बघायला सांगितलंत? मी ठेवून दिला. तुम्हाला फोन लावत बसले. हा माझा माणूस नाही, कागद चुकीचा आहे, एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्यानंतर दिलंय त्यांनी ते इंजेक्शन. तुम्ही सांगितलेली वेळ मी त्या फोनशी ताडून बघितली."

चूक माझी, मी म्हणालो. खरीच माझी होती. पण ते म्हणून तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. मी उसनं दिलं ते एक बिब, असं मी समजत होतो. त्याच्या मागे तिचा नंबर होता आणि त्या नंबरावर माझी चूक थेट तिच्या ओट्यापर्यंत जाऊन पोचली होती, हे मला त्या पाटाशी बसल्यावर कळलं.

थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुतलं, पदर खोचला. मला सुनंदाचा नंबर काढायला लावला आणि माझ्या हातातून फोन घेतला. मी म्हणालो, नको, कशाला, आता तो बरा आहे. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सुनंदाताई," ती म्हणाली, "मी साताऱ्याहून माधुरी बोलतेय. त्या दिवशी तुमच्या नवऱ्यासाठीचा फोन मला आला होता."