मीठ खाली ठेवलं नाही

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढचं आयुष्य शिरोड्याच्या मिठागरात गेलं. पण पवित्र शास्त्र मी रोज वाचतो, ओळीखाली बोट धरून. त्यामुळे मला काही कळत नाही असं कोणी समजू नये.

ईस्टरआधीच्या उपासकाळात आमच्या तरुण फादरनी चार संध्याकाळी इस्राएल लोकांच्या जुन्या अर्पणांवर शिकवलं. होमार्पण सगळंच्या सगळं जाळायचं, माघारी काही आणायचं नाही. शांत्यर्पण वेदीपाशी वाहून मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. अन्नार्पणात खमीर नको, मध नको, मीठ मात्र हवंच. शेवटी फादर म्हणाले, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच वाहिलं, ती अर्पणं संपली, आपण फक्त अर्थ घ्यायचा.

मी उभा राहिलो. म्हटलं, "फादर, मेंढरं संपली. देणं कुठे संपलं?"

लोक हसले. हसू देत. खमीर फुगतं, मध गोड लागतो. माणसं देवाला तेवढंच देतात. फुगलेलं आणि गोड. मीठ फुगत नाही, गोड नाही, पण नासू देत नाही. आणि ते कसं तयार होतं ते मला विचारा. भर उन्हात खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकडी फळीने ओढायचं. टाचांच्या भेगांत ते शिरलं की डोळ्यांत पाणी येई. माझ्याकडे देवाला देण्यासारखं दुसरं काय आहे?

भाद्रपदात भाताच्या नव्या कणसांचा सण आला. वेदीपाशी अर्पणं न्यायची यादी माझ्या सुनेकडे होती. माझ्या नावासमोर तिने अननस लिहिला होता. मी मिठागरातलं जाडं, मळकट मीठ काशाच्या वाटीत भरून घेऊन गेलो.

चर्चच्या दारातच तिने अडवलं. "पापा, ह्यां काय हाडलात?"

"मीठ. दिसना नाय?"

"देवाक मीठ कोण देता? अननस घेवा गप. माजी लाज काढू नकात."

"देवान मागितलेलां आसा गो. वाचून बघ."

मी रांगेत उभा राहिलोच. पुढे फादरच्या शेजारी उभी राहून तीच एकेक वस्तू हातात घेत होती. कणसं घेतली, नारळ घेतला, भोपळा घेतला. माझी वाटी पुढे आली तसे तिने हात मागे घेतले. आमच्याकडे मीठ हातात देत नाहीत, घेतही नाहीत.

"खाली ठेवा," ती हळूच म्हणाली. "हातात दिल्यार भांडणां लागतत."

"आता काय कमी लागतत?"

पुढच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. सुनेचा चेहरा लाल झाला. "पायरेर ठेवा मां, पापा!"

"पायरेर चपला ठेवतत."

मी हललो नाही. गाणं संपलं, पेटीवाल्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. मागे रांग खोळंबली. मनात एकच होतं: हे मीठ खाली ठेवलं तर माझं सगळं आयुष्य खाली ठेवल्यासारखं होईल.

फादरनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून वाटी माझ्या हातातून घेतली आणि वेदीवरच्या भाकरीच्या शेजारी ठेवली. मी बाकावर येऊन बसलो, ताठ.

दुपारी घरी नव्या कणसातले दाणे घालून नारळाचा गोड रस केला होता. सुनेने माझं ताट ओटीवर आणून आदळलं आणि स्वतःचं घेऊन आत चुलीपाशी गेली. मी माफी मागितली नाही. चूक असती तर मागितली असती. पण मी ताटाला हात लावला नाही. वेदीपाशी वाहून आलो होतो खरा, पण घरातलं माणूस वेगळं बसून जेवत असेल तर ते वाहणं अर्धंच राहिलं. मिळून जेवायचं एवढं फादरनी शिकवलं होतं; हे पुढचं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी ताट उचललं आणि आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आता काय व्हया?" ती म्हणाली.

"काय नाय. जेवतंय."

तिने मान वर न करताच रसाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.