आबांच्या वहीतला रिकामा रकाना

तुमच्याविषयी चार ओळी छापून कुणी गावभर वाटल्या, तर त्या खोट्या आहेत हे तुम्ही कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगाल? विचारते तुम्हाला, पण सहा आठवड्यांपासून हा प्रश्न माझ्याच मागे लागला आहे. त्या दिवशी मी जळगावला मैत्रिणीच्या खोलीवर पुढच्या सभेचं पत्रक लिहीत बसले होते. बाबांचा धुळ्याहून फोन आला. "सुभेदार आबा गेले," ते म्हणाले. "सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसले होते. तिथेच..." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि हातातलं अर्धं राहिलेलं वाक्य आधी पूर्ण केलं. अन्यायाविषयीचं वाक्य होतं ते. ते पूर्ण करूनच मी एसटी स्टँडवर गेले, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलत भाऊ. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे सुभेदार आबाच म्हणत. लष्करातली सगळी नोकरी त्यांनी गुप्तवार्ता दलात काढली होती. माझ्या वडिलांचं धुळ्यात छोटं छापखान्याचं दुकान. मोर्चा कुणाचाही असो, त्याची पत्रकं आमच्याकडे छापली जात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती मागण्यांच्या याद्यांवरून, आणि माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं असत ती उरलेल्या निषेधपत्रकांची. त्यामुळे सरकारी गणवेश घातलेल्या कुठल्याही माणसाकडे संशयाने पाहायचं, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. आबांकडे मात्र तसं पाहता येत नसे. सुट्टीवर आले की ते आम्हा मुलींना नकाशा वाचायला शिकवत, आणि उत्तर दिशा चुकली की अक्काच्या, म्हणजे आमच्या काकूच्या, हातच्या कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा कापून घेत.

कॉलेजात असताना एका भित्तिपत्रकासाठी मी त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारलं होतं. मला पिस्तुलं, वेषांतरं असलं काही हवं होतं. आबांनी अक्काच्या सुपातल्या शेंगा उचलल्या आणि ओट्यावर मांडायला सुरुवात केली. खाली चार शेंगा. ही पलटण. प्रत्येक पलटणीत एक अधिकारी आणि त्याच्या हाताखाली मोजके जवान एवढंच काम करतात. गस्तीवरून आलेल्या माणसाला बसवतात, चहा देतात आणि काय पाहिलंस ते विचारतात. त्याच्यावर ब्रिगेड, त्याच्यावर डिव्हिजन, तिथेही बातमीचं वेगळं टेबल. त्याच्यावर कोअर, आणि तिच्यासाठी गुप्तवार्ता दलाच्या स्वतंत्र तुकड्या. त्यांच्या छोट्या छोट्या टोळ्या दूरवर पसरलेल्या. कुणी विमानातून काढलेले फोटो भिंग लावून बघतं, कुणी रेडिओवरचं बोलणं ऐकतं, कुणी सापडलेल्या पत्रांचं भाषांतर करतं, कुणी पकडलेल्याशी बोलतं. सगळ्यात वर दिल्ली. "बातमी खालतून वर जास, आणि सवाल वरतून खाले येस," आबा म्हणाले. "सवालच चुकना, का बठ्ठी मेहनत वाया."

"आणि तुम्ही यातली कोणती शेंग?" मी विचारलं.

"भाषांतरवाली."

"कुठे होतात?"

"जठे बरफ व्हता तठे."

"सिनेमात दाखवतात तसं असतं का?"

"सिनेमावालाले आवक-जावक रजिस्टर लिहनं पडत नही," ते म्हणाले. तेवढ्यात अक्काने पलटणीतल्या दोन शेंगा उचलून फोडल्या. "हाई तुमनी फौज," ती म्हणाली, "खाल्ली मी."

निम्मं काम दुसऱ्याचं कळून घेण्याचं असतं आणि निम्मं आपलं कळू न देण्याचं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आणि एक नियम सांगितला, तोच इथे महत्त्वाचा आहे. आलेल्या प्रत्येक बातमीपुढे दोन वेगळे शेरे मारायचे. सांगणारा माणूस किती भरवशाचा, त्याला अक्षर. सांगितलेली गोष्ट किती खरी वाटते, त्याला आकडा. भला माणूसही चुकीचं ऐकून येतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलतो, म्हणून हे दोन शेरे एकमेकांत मिसळायचे नाहीत. निवृत्त झाल्यावरही आबांची ही सवय गेली नव्हती. लाल कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत ते गावात कानावर आलेलं सगळं टिपत. क म्हणजे पूर्ण भरवशाचा, तिथून च पर्यंत. १ म्हणजे दुसरीकडूनही खात्री झालेलं, तिथून ५ म्हणजे खोटं वाटणारं, आणि ६ म्हणजे ठरवताच न येणारं. शाळेच्या मास्तरांनी ज्वारीत बिबट्या पाहिला, ख-४. दुसऱ्या दिवशी तो काळूचा कुत्रा निघाला, तेव्हा आकडा ५ झाला. मास्तरांचा ख मात्र ख-च राहिला. ङ कुणाला लिहिता येत नाही, म्हणून आपल्या गावात ङ दर्जाचा माणूसच नाही, असं ते म्हणायचे. आणि स्वतःविषयीच्या बातमीला कधी आकडा द्यायचा नाही, तो दुसऱ्याने द्यायचा. हेही मी त्या दिवशी ऐकलं होतं. भित्तिपत्रकात घेतलं नाही, कारण त्यात मजा नव्हती.

मागच्या वर्षी गावात सौर प्रकल्पासाठी जमिनी घेणारे दलाल फिरू लागले. आम्ही समिती केली, मी तिची पत्रकं लिहू लागले. धुळ्याला कलेक्टर कचेरीवर जायचं ठरलं. सकाळी सहाला तीन टेम्पो निघायचे होते. आदल्या दिवशी आबांनी मला ओट्यावरून हाक मारली. "टाइम बठ्ठासले कशाले सांगस, बेटा? डायवरले सांग. ज्याले गरज, त्याले." मला वाटलं, म्हातारा बिचकला. "आबा, आपण चोरी करत नाही," मी ताडकन म्हणाले. ते हसले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. सकाळी सहाच्या आधीच पोलिसांची गाडी फाट्यावर उभी होती. टेम्पो तिथेच अडले. बाया उतरून उन्हं चढेपर्यंत रस्त्यावर बसून राहिल्या आणि मग घरी गेल्या. कुणीतरी आतून सांगितलं, एवढं सगळ्यांना दिसत होतं. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, आबा रोज गाड्यांचे नंबर लिहितात, मी डोळ्यांनी बघतो. मला तेवढं पुरलं.

त्याच दुपारी मी 'घरातला खबऱ्या' हे पत्रक लिहिलं. आबांचं नाव घातलं, निवृत्त सुभेदार असा हुद्दा घातला, आयुष्यभर हेरगिरी केलेल्या हाताची खाज जात नाही असंही लिहिलं. त्या वाक्याचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. बाबांनी मजकूर वाचला, चष्मा काढला. "त्यांना विचारलंस?" मी म्हणाले, "खबऱ्याला काय विचारायचं?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला, मशीनपाशी गेले आणि छापलं. आम्ही दोघं आता या गोष्टीवर बोलत नाही.

चार दिवसांनी आबा छापखान्यात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी केलेलं पत्रक. मी एकटीच होते. त्यांनी ते टेबलावर उलगडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हाई चुकनं. मी सुभेदार नव्हतो, नायब सुभेदार व्हतो. गाव म्हणस सुभेदार, पण छापामा बरोबर पाहिजे. तेवढं दुरुस्त कर." मी विचारलं, "आणि बाकीचं?"

"बाकीनं मी कसं सांगू? ते मन्हाबद्दल शे."

त्यांनी नाकारलं नाही, म्हणजे कबूल केलं, असं मी समितीत येऊन सांगितलं. लोकांना ते पटलं. मी चांगली बोलते.

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर कुणी बसेनासं झालं. दरवर्षी सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यापुढे पहिली सलामी आबांची असे. या वर्षी त्यांना बोलावणं गेलं नाही. ते शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले, राष्ट्रगीत संपेपर्यंत हात कपाळाशी धरून, आणि घरी आले. हे मला नंतर अक्काने सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

मी गेले तेव्हा दारावर बसायला आलेले लोक ओसरीत होते. वर्षभर ज्यांनी तो ओटा टाळला होता, तेच आज तिथे दाटीवाटीने बसले होते. अक्का मला म्हणाली, "कव्हय उनी? बस, चहा ठेवस." कधी आलीस एवढंच विचारून तिने सोडलं. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बसणं सोपं गेलं असतं. शेजारी गावचे पोलीस पाटील बसले होते. मीच हलकेच विषय काढला, कारण मला अजूनही बरोबर ठरायचं होतं. "त्या दिवशी टेम्पोची वेळ तुम्हाला आबांनीच सांगितली होती ना?"

ते माझ्याकडे वळले. "ताई, टाइम तर तूच टाकेल व्हता, गावना ग्रुपवर. मी बी त्या ग्रुपमा शे. माले कोणी सांगानी काय गरज?"

मी फोन काढला आणि मागे मागे सरकवत गेले. होता. माझ्याच नावाने, तीन टेम्पो, सकाळी सहा, फाट्यावरून, शेवटी आवळलेल्या मुठीचं चित्र. ग्रुपमध्ये पोलीस पाटील पहिल्या दिवसापासून होते. सर्पमित्राच्या नंबरासाठी मीच त्यांना मागे एकदा त्याच ग्रुपवर मेसेज केला होता.

सुतक फिटलं त्या, गंधमुक्तीच्या दिवशी अक्काने लाल वही माझ्या हातात दिली. "तू लिहस ना. तुले कळी," म्हणाली. गाड्यांचे नंबर त्यात होते. जमीन मोजायला येणाऱ्या दलालांच्या गाड्यांचे, तारीखवार, कुणाच्या बांधावर थांबल्या त्यासकट. वर लिहिलं होतं : समितीला द्यायचे, दुसरीकडून खात्री बाकी. पुढे काही पानांनी माझ्या पत्रकाची नोंद होती. बातमी : मी पोलिसांना खबर देतो. सांगणारा या रकान्यात माझं नाव आणि त्यापुढे ख. बहुधा भरवशाची. पुढचा, आकड्याचा रकाना रिकामा होता. तिथे त्यांना ५ लिहिता आलं असतं, वहीत, जिथे कुणी बघणार नव्हतं. त्यांनी नियम पाळला आणि जागा सोडली... ज्या पुतणीने त्यांचं नाव घालवलं, तिचा ख सुद्धा त्यांनी खाली आणला नाही.

वही आता छापखान्यात माझ्या टेबलावर आहे. त्या रकान्यात मी ५ लिहिलं, आणि मग लक्षात आलं की एका वहीत लिहून उपयोग नाही. पत्रकं तर गावोगाव गेली आहेत, शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. 'घरातला खबऱ्या' हे पत्रक तुमच्या घरात, दुकानात, फायलीत कुठे असेल, तर ते फाडू नका. फाडलं तर फक्त माझी चूक नाहीशी होईल. त्याच्या तळाशी पेनाने लिहा, हे खोटं आहे, टेम्पोंची वेळ हे पत्रक लिहिणारीनेच फोडली होती. मग ज्याला तुम्ही ते तेव्हा वाचून दाखवलं होतं, त्याच्याकडे जा आणि त्याला हे वाचून दाखवा. आणि पेन हातात आहेच, तर वरच्या 'सुभेदार' या शब्दाआधी 'नायब' लिहा. त्यांनी तेवढंच दुरुस्त करायला सांगितलं होतं, आणि तेही मी केलं नव्हतं.