बेलिसारियोचा तळहात

आंबातोच्या रविवारच्या गाड्यांच्या बाजारात मी भाजलेलं डुक्कर विकते. माझा थोरला भाऊ बेलिसारियो तिथेच जुन्या गाड्या पारखायचा. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढायचा, भोकावर तळहात धरायचा, उचलायचा, तेल उडालंय का ते सगळ्यांना दाखवायचा. जळका वायू थोडाफार प्रत्येक इंजिनात खाली उतरतो. तो ओढून परत कार्बोरेटरकडे न्यायला ब्रीदरची नळी असते. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या की नळीला आवरत नाही, भोकातून भकाभका धूर येतो, तेल उडतं. मग बेलिसारियो नुसती मान हलवायचा, आणि विकणारा शिव्या घालत गाडी घरी न्यायचा. त्याच्या हातावर बाजार डोळे मिटून विश्वास टाकायचा. त्याचं पोटही त्याच हातावर होतं.

ओल्मेदोनं माझ्या भाच्याला बाप्तिस्म्यात धरलं होतं. आमच्याकडे असा माणूस पोराच्या बापाचा कंपाद्रे होतो. त्यापेक्षा सख्खा भाऊ परवडला, त्याला नाही तरी म्हणता येतं.

"कंपाद्रे, गाडी आणलीय विकायला," ओल्मेदो माझंच मांस चघळत म्हणाला. "तेवढा हात ठेव."

"धूर फुंकते का?"

"म्हातारी झाली की बायकोपण फुंकते. तू हात ठेव की."

"बेलिसारियो, ह्याच्या नादी लागू नकोस," मी म्हटलं.

"पोराला धरलंय गं त्यानं, सोइला. कसं नाही म्हणू?"

गिऱ्हाईक होता नेप्ताली तोआपांता, वरच्या गावचा पोरगेला माणूस. गावातला भाजीपाला बाजारात आणायला त्याला गाडी हवी होती, त्यासाठी दावणीची जनावरं विकून आला होता. गाडीकडे त्यानं धड पाहिलंही नाही. तो बघत होता माझ्या भावाच्या हाताकडे.

बेलिसारियोनं झाकण काढलं आणि भोकावर तळहात गच्च दाबला. उचललाच नाही. बोटांच्या फटीतून काळं तेल उडून मनगटावर आलं, ते माझ्या बाजूला होतं म्हणून मला दुकानातून दिसलं. तसंच झाकण लावून त्यानं हात फडक्यात गुंडाळला.

"घे," तो म्हणाला.

महिनाभरात चढावर इंजिन बसलं. तोआपांता बाजारात आला. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. भेटेल त्याला तो एवढंच सांगत फिरला, "ह्यांनी हात ठेवला होता."

त्यानंतर बेलिसारियोला कुणी हाक मारली नाही. तरी तो दर रविवारी खांद्यावर फडकं टाकून यायचा आणि दुपारपर्यंत ताटकळत उभा राहायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. आणि ओल्मेदो? गरज सरो नि वैद्य मरो. इकडे फिरकलाच नाही.

आला तो थेट कार्निव्हलच्या आधी, दुसरी गाडी घ्यायला. सोबत लाताकुंगा गावचा कुणी पारखी. ओल्मेदोला बघून माझ्या भावानं बाही वर सारली.

"चला कंपाद्रे, बघू या."

"राहू दे. ह्यांना आणलंय मी."

"ह्यांना कशाला? मी आहे ना."

ओल्मेदोनं हसून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "तुझा काय भरवसा, कंपाद्रे? माझी ती गाडी तूच पास केली होतीस."

आणि माझा भाऊ, तो वेडा, मान खाली घालून म्हणाला, "तेही खरंच आहे."