मोगऱ्यावरचा प्रार्थनाकीटक

प्राणिशास्त्राच्या सरांनी स्वतःचा कॅमेरा माझ्या हातात दिला तेव्हा मला घाम फुटला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, आणि कॅमेरा मी फक्त लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात पाहिला होता. वर्गात चुकून बोलून गेलो होतो की, वसईला आमच्या वाडीत मोगऱ्याच्या एका झाडावर चार दिवस प्रार्थनाकीटक बसून आहे. सर म्हणाले, "मग प्रदर्शनासाठी त्याचा फोटो तूच काढ. रोलमध्ये तीनच शिल्लक आहेत. सोमवारी कॅमेरा परत हवा."

शनिवारी संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "उद्या वाडीत फोटो काढायचाय. कॉलेजात लावणार आहेत." कशाचा, ते सांगितलं नाही. मी किड्यांचा अभ्यास करतो हे त्यांना कसं सांगावं, ते मला दोन वर्षांत जमलं नव्हतं.

रविवारी सकाळी वाडीत गेलो तर बाबा पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवत होते. मोगऱ्याच्या रांगा ओल्या होत्या आणि औषधाचा उग्र वास सुटला होता. केळींची सुकी पानं कापून झाली होती. फोटोत घालायचा म्हणून बाबांचा धुतलेला सदरा कुंपणावर टांगलेला होता.

"बघ," बाबा म्हणाले, "शोधून एक किडा दाखव."

मी रडायचाच बाकी होतो. "बाबा, मला किड्याचाच फोटो हवा होता."

"कॉलेजात भिंतीवर किडे लावतात?"

"हो."

"आणि वाडी?"

विहिरीवर भांडी घासता घासता आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, पोराला आधी विचारा."

"त्याला तोंड नाही का?" बाबा म्हणाले.

दुपारपर्यंत मी पान न् पान उलटं करून बघितलं. मान आखडली, हातांना औषधाचा वास लागला. शेवटी आईनेच हाक मारली. "ये रे, तुझे पाहुणे इथे जास्वंदीवर आलेत. हात जोडून बसलेत." तोच की दुसरा, देव जाणे.

पहिला फोटो काढताना वाऱ्याने फांदी हलली. दुसऱ्याच्या वेळी बघायला वाकलेल्या आईची सावली नेमकी किड्यावर पडली. मी बटण दाबल्यावर ती म्हणाली, "मी बाजूला होऊ का?" आता एकच उरला होता. तेवढ्यात बाबा सदरा घालून आले.

"फांदी धरू?"

नको म्हणायचं धैर्य नव्हतं. "धरा. पण हलवू नका."

"आयुष्यभर झाडंच धरतोय मी."

त्यांनी खरंच श्वास रोखला. मी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा सरांनी तो डोळ्यांजवळ नेला. "अंगठा उत्तम आलाय. कीटक जरा पुसट आहे." आधीचे दोन्ही फुकट गेलेले, म्हणून तोच भिंतीवर लागला. येणारा प्रत्येकजण विचारायचा, अंगठा कुणाचा? पहिल्या दोघांना मी "माहीत नाही" म्हणालो. मग स्वतःचीच लाज वाटली आणि सांगू लागलो, माझ्या वडिलांचा.

प्रदर्शन संपल्यावर फोटो घरी आणला. बाबांनी तो हात लांब करून उजेडात धरला. किड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वाडी नाहीच आली," ते म्हणाले. मग काळ्या मातीने भरलेल्या त्या नखाकडे बघत वैतागून म्हणाले, "अरे, आधी सांगत जा ना. नख तरी कापलं असतं."