निळीची वरची रेघ

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. मी वायरमन आहे. हो, बाईच! आयटीआय करून लायसन काढलंय. बल्ब आपोआप लागला की लोक भूत शोधतात, मी लूज वायर शोधते... आणि मला ती सापडते. तरी आज मीच लिहायला बसलेय.

युसूफ वडगावला रस्त्याकडेला माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर तिथलं वायरिंग नवं करायचं ठरलं आणि आमचं जुंपलं. दादाला वायरवर प्लास्टिकची पट्टी हवी होती, झटपट होते म्हणून. मी म्हटलं, पट्टी घरातल्या हॉलला लाव. इथं पत्रे आपटतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, खाली पाणी सांडलेलं असतं आणि तू त्यात उभा राहून ग्राइंडर चालवतोस. वायर उघडी पडली तर वहिनीला काय सांगू मी? पाईप जाड लोखंडीच, सॉकेटचे डबेही लोखंडी आणि सगळ्याला अर्थिंग. तो फुगून बसला. शेवटी वहिनीनं माझी बाजू घेतली, मग काय बोलतोय!

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी सूत मारलं. निळीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरायचा आणि सोडायचा, भिंतीवर सरळ रेघ उमटते. रेघ कंबरेच्या उंचीवर घेतली, सॉकेट हाताशी यावेत म्हणून. नवमीला मशिनी, पाने, माझा टेस्टर, ते सूत, सगळ्यांची पूजा झाली. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. दादानं शटरला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला अडकवून घरी आला.

दसऱ्याला सकाळी शटर उघडलं तर भिंतीवर दोन रेघा!

आमची खाली होतीच. दुसरी डोक्याच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेव्हल लावून बघितली — बुडबुडा मधोमध. तेवढ्या लांब भिंतीवर एकट्याला सूत मारताच येत नाही. आणि आमचं सूत पाटावर होतं तसंच, त्यावरचं फूलसुद्धा हललेलं नाही.

मी आधी दादावर संशय घेतला, त्यानं आईची शपथ घेतली. मग वहिनीवर, मग शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांवर. चाचा तर उलट माझ्यावरच चिडले. दादा मात्र भिंतीपुढं हात जोडून उभा.

"हत्यारानं सांगितलंय," तो म्हणाला. "पाईप वरूनच घे."

"कुणीतरी चेष्टा केलीय, दादा."

"केली आसंल. मला न्हाई मोडायचं."

मला लई राग आला. पण वरून घेतल्यानं बिघडत काहीच नव्हतं, उलट ग्राइंडरची वायर जमिनीवर लोळली नसती. घेतला वरून.

मग हंगाम सुरू झाला. एका भर दुपारी मी तिथंच असताना एक ड्रायव्हर ट्रॉली मागं घेत होता आणि ब्रेक लागलाच नाही. ट्रॉलीचा लोखंडी कोपरा भिंतीत घुसला, बरोबर खालच्या रेघेवर. विटा ढासळल्या, पाण्याचा पिंप आडवा झाला आणि दादा हातात चालू ग्राइंडर घेऊन त्या पाण्यात! भिंतीला टेकवलेला एक जाड लोखंडी अँगल उसळून वरच्या पाईपावर आदळला. मी ओरडत धावले आणि मेन स्विच पाडला.

नंतर पाईप खोलून बघितला. चेपला होता, पण आत वायरला ओरखडासुद्धा नाही. वर पट्टी असती तर अँगलनं तिचा भुगा केला असता. आणि खालून नेला असता तर त्या कोपऱ्यापुढं माझा लोखंडी पाईपही टिकला नसता.

"जित्ता हाय बे मी," दादा ड्रायव्हरला म्हणाला आणि हसत सुटला. मी आधी रडले, मग त्या ड्रायव्हरला असा झापला की चाचा मधे पडले.

आता दादा आल्यागेल्याला तो पाईप दाखवतो, बहिणीनं लावलाय म्हणून. पार केजहून लोक मला बोलवायला येतात. लोखंडी कावून, असं विचारलं तर मी ताठ मानेनं कारणं सांगते. इतक्या वर कावून, असं विचारलं की दादाकडं बोट दाखवते. सगळं तपासून झालं, काही म्हणता काही सापडलं नाही.

परवा जेवताना मी पुन्हा तोच विषय काढला. वहिनीनं दादाच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "न्हाई सापडत तर ऱ्हाऊ द्या. माणूस ताटावर बसलाय न्हवं?"