अम्माची कॉफी आणि आमची घासाघीस

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. शाळेत मास्तरांची एक खोली आणि मधली सुट्टी असली, की ते आपोआप साचतात. बुलढाण्याच्या आमच्या शाळेत मात्र त्या वर्षी साचले ते सगळे एकाच जिनसेचे. कॉफीच्या दाण्यांचे!

त्याला कारण सुब्बाराव, आमचा गणिताचा मास्तर. मुलूख तेलंगी, सोबत म्हातारी आई. तिला आम्ही सगळेच अम्मा म्हणायचो. अम्माला मराठी समजायचं थोडंफार, बोलता मुळीच यायचं नाही, आणि सकाळच्या कॉफीवाचून तर तिचा दिवसच उगवायचा नाही. दाणे गावाहून पार्सलनं यायचे. लढाई सुरू झाली आणि पार्सलं बंद पडली. अम्मानं लेकाला बजावलं, "दिवाळीपर्यंत दाण्यांची सोय झाली तर ठीक, नाहीतर मी आपली गावी." अम्मा गेली की एकुलता एक सुब्बाराव बदली मागणार, हे ठरलेलंच. मला तर त्याच्याशिवाय शाळेची कल्पनाच करवेना. आम्ही कंबर कसली. अट एकच, भाव मास्तरांच्या पगाराला झेपला पाहिजे!

*

पहिल्यांदा गावातच एका दुकानात तयार पूड मिळाली. भावही बरा. अम्मानं दुकानातच पेलाभर पाणी मागितलं आणि चिमूटभर पूड वर सोडली. कॉफी असती तर तरंगली असती. ही तडक तळाला गेली आणि पाणी तांबडंलाल! अम्मा पेला दुकानदारापुढे ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

दुकानदार सुब्बारावला हळूच म्हणाला, "मास्तर, मायले पोलिसात काऊन नाही भरती केलं?"

*

मग मीच मलकापूरहून होते-नव्हते तेवढे कच्चे दाणे आणले. भाजलेले नसल्यामुळे स्वस्त. पांढुरके, हिरवट, एखाद्या कडधान्यासारखे. पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि घरात सांगायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो, तर ताटात अख्ख्या पिशवीची उसळ! फोडणी झकास, पण दाताखाली दाणा फुटेना. बायको आधीच तापलेली होती.

"सकायपासून शिजून राह्यली," ती म्हणाली. "बजारात इतका जून माल तुमालेच कसा काय भेटते?"

*

आमचा ड्रिल मास्तर गणपतराव देऊळघाटचा, घरची शेती. तो म्हणाला, "भावाची कटकटच कायले? आपुन पेरू ना!" अम्माच्या डब्याच्या तळाशी थोडे दाणे उरले होते, त्यातले वीस मागून नेले. बांधाशी पेरले, रोज पाणी घातलं, बकऱ्या हाकलल्या. महिना गेला तरी अंकुर नाही.

शेवटी त्याच्या वडिलांनी एक दाणा उकरला, वास घेतला, दाताखाली फोडला.

"अबे, हे तं भाजेल हाये!"

मग लेकाकडे वळून म्हणाले, "तू मास्तर झाला, ते बरंच झालं."

*

त्यानंतर एका साहेबाची बदली झाली आणि बंगल्यावर सामानाचा लिलाव निघाला. त्यात एक भलामोठा डबा, वर कॉफीचं चित्र. हलवला की आत दाणे खुळखुळायचे! गणपतरावनं छाती काढून बोली लावली आणि डबा जिंकला. फाटकाबाहेर येऊन झाकण उघडलं. आत कोटाची बटणं.

आम्ही हसून हसून खाली बसलो. गणपतराव मात्र गंभीर. "पण या भावात इतकी बटनं भेटली असती काय?"

*

दिवाळी चार दिवसांवर आली. अम्माची ट्रंक भरून दाराशी आली होती आणि सुब्बाराव कुणाशी बोलेनासा झाला होता. इतक्यात खबर लागली, की खामगावच्या एका शेठकडे अस्सल दाणे आलेत. आम्ही तिघांनी आणि अम्मानं मोटारीनं खामगाव गाठलं. अम्मानं दाणा चावला, मान हलवली. माल पसंत!

शेठ मूळचा कापसाचा व्यापारी. त्याचा भाव तोंडानं ठरतच नसे. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. रत्तलाला, म्हणजे अर्ध्या शेराला, आठ आणे तर उघडच होते, वर किती आणे ते बोटांवर. गणपतरावनं हात घातला. नंतर त्यानंच सांगितलं, शेठनं चार बोटं धरली. गणपतरावनं दोन. शेठनं पुन्हा चार. असं तीनदा झालं. गणपतराव घामाघूम होऊन म्हणाला, "नाही जमत बुवा."

सुब्बारावनं मान खाली घातली.

अम्मा पुढे आली. गणपतरावला बाजूला सारलं आणि आपला हात उपरण्याखाली घातला! शेजारचे दलाल सौदे सोडून बघू लागले. अम्मानं शेठचं एकच बोट धरलं. शेठ हसला. मग हसू मावळलं. मग त्याचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला.

"माय, भाव तुमचाच! आता बोट सोडा!"

शेठनं बोट चोळत तराजू ओढला. "किती देऊ?"

सुब्बारावनं आईला विचारलं. ती दोनच शब्द बोलली. 

"काय म्हनते अम्मा?" गणपतरावनं विचारलं.

सुब्बारावनं डोळे पुसले. "म्हणते, वर्षभराचे घे."